पदर लागला तर फाऊल नाही

माझ्या नवऱ्याच्या खात्याचा एक क्लब होता, सिव्हिल लाइन्समध्ये, आणि त्या क्लबात इंग्रजांच्या वेळचं बिलियर्ड्सचं टेबल होतं. खात्याचं नाव सांगत नाही. त्यातली बरीच माणसं रिटायर झाली, काही वर गेली, पण त्यांची पोरं आहेत आणि आपले बाप फार मोठे होते असं त्या पोरांना वाटतं. वाटू द्या.

टेबलाला वेगळी खोली होती आणि खोलीच्या दाराला जाड हिरवा पडदा. बायांनी आत जाऊ नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण आत गेलेली बाई कुणी पाहिलेली नव्हती. शनिवारी संध्याकाळी आम्ही बाया बाहेर हिरवळीवर वेताच्या खुर्च्यांवर बसून हाऊजी खेळायचो, आणि पडद्याआड आमचे नवरे क्यू नावाच्या लांब काठीनं तीन गोळे, दोघांचे दोन पांढरे आणि मधला लाल, इकडून तिकडे ढकलायचे. मधूनच आतून टक् असा आवाज यायचा आणि त्यावर चारपाच जण 'वा साहेब' म्हणायचे. साहेबांचा नेम चुकला तरी म्हणायचे. नुसत्या आवाजावरून नेम लागला की चुकला ते आम्हाला बाहेर बसून कळायचं, त्यांना आत उभं राहून कळत नव्हतं.

डिसेंबरात क्लबाची वार्षिक स्पर्धा भरायची. नागपुरात तेव्हा अधिवेशन असतं, मुंबईचे मोठे साहेब लोक आलेले असतात, त्यांची थंडीतली करमणूक व्हावी हा हेतू. पुरुषांच्या गटात दुसऱ्या खात्यांचेही खेळाडू यायचे आणि ते सगळं मोठ्या गांभीर्यानं चालायचं. आमच्या खात्यानं तर त्यासाठी एक धंदेवाईक खेळाडूच पाळला होता. कागदोपत्री तो कनिष्ठ लिपिक. त्याला फाइल कोणत्या बाजूनं उघडते हे माहीत नव्हतं, पण दरवर्षी ढाल आणायचा, म्हणून त्याच्या टेबलावरच्या फाइली बाकीचे लिपिक वाटून घ्यायचे. देशसेवाच ती एक.

आणि शेवटच्या दिवशी महिलांचा गट. हा आमच्या वेळच्या साहेबांनी सुरू केला होता. त्या दिवशी खोली फिनाईलनं धुवायचे, भिंतीवरचं एक कॅलेंडर उलटं करायचे, पडदा बाजूला सारायचे, आणि ज्या टेबलाला वर्षभर हात लावायचा नाही त्या टेबलावर आम्ही एकदम स्पर्धा खेळायची. सराव कशाला म्हणतात ते विचारू नका.

बायांसाठी खास नियम होते, आणि ते क्लबाच्या सभेत रीतसर ठराव करून पास झाले होते. बिलियर्ड्समध्ये कपडा गोळ्याला लागला तर फाऊल धरतात. पण पहिल्याच वर्षी साहेबांच्या बाई वाकल्या आणि त्यांचा पदर लाल गोळ्याला घेऊन थेट पॉकेटापर्यंत, म्हणजे कडेच्या भोकापर्यंत गेला. मग ठराव आला: महिलांचा पदर लागला तर फाऊल नाही. दुसरा ठराव याहून सोन्यासारखा. कमी ताकदीच्या खेळाडूला आधीच काही गुण देऊन खेळ सुरू करायची पद्धत असते. ती आमच्यात नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे लावली होती. साहेबांच्या बाईंना खेळाआधीच पंधरा गुण, त्यांच्या खालच्यांना दहा, त्यांच्या खालच्यांना पाच, आणि माझ्यासारख्या अगदी नव्या अधिकाऱ्यांच्या बायांना शून्य. ज्येष्ठतेचा मान म्हणून. यावर कुणी हसलं नाही, याचंच मला अजून हसू येतं.

साहेबांच्या बाईंना आम्ही बाईसाहेब म्हणत असू. त्या पुण्याकडच्या, शिडशिडीत, ताठ बसणाऱ्या, चष्म्यातून बघणाऱ्या. गट सुरू झाल्यापासून दरवर्षी कप त्यांनाच. त्याचीही एक रीत पडून गेली होती. बाईसाहेबांशी जिचा सामना लागायचा तिचं त्या सकाळी डोकं तरी दुखायचं, पोराला ताप तरी यायचा, नाहीतर गावाहून पाहुणे तरी टपकायचे. फक्त शेवटच्या सामन्याला पाहुणे साहेब बसलेले असत, म्हणून तिथं एका बाईला उभं राहून हरावं लागे. या रीतीवर क्लबाचा इतका विश्वास की इतवारीच्या भांडे बाजारात कपावर नाव कोरणारा कारागीर आठ दिवस लावतो म्हणून नाव आधीच कोरून आणायचे. कप जिलेटिनच्या कागदात गुंडाळून द्यायचे आणि त्या कागदासकट तो बंगल्यावर जायचा.

त्या वर्षी त्या शेवटच्या सामन्याला मी उभी राहिले. कशी, ते सांगते. पहिल्या सामन्यात समोरची आलीच नाही. दुसऱ्यात एक बिचारी अशी आली की तिची काठी तीनदा टेबलाला लागली आणि गोळ्याला एकदाही नाही. मी मात्र दोन गोळ्यांना एका फटक्यात स्पर्श केला, दोनदा, आणि त्याला कॅनन म्हणतात, दोन गुण मिळतात असं कळलं. लाल गोळा पॉकेटात घातला तर तीन, आणि काहीच लागलं नाही तर समोरचीला एक. एवढ्या ज्ञानावर मी अंतिम फेरीत.

पण मला खेळ अगदीच नवा नव्हता. मी नागपुरातल्याच इंदोऱ्याची. आमच्या वस्तीच्या वाचनालयात एक कॅरम होता. पुरुष गिरणीत पाळीला गेले की दुपारभर तो आम्हा पोरींचा. बोरिक पावडर परवडायची नाही, मैदा टाकायचो, आणि मग माय ओरडायची की पोळ्यांचं पीठ कुठं गेलं. माझा हात असा बसला होता की बाहेरची पोरं शर्यत लावायला यायची आणि तोंड पाडून जायची. हरणं मला जमत नव्हतं. स्वभावातच नव्हतं ते, आणि स्वभावाचं म्हणाल तर अजूनही नाही.

आणि नेमकं तेव्हाच मला हरायचं होतं.

मी एका शाळेत शिकवत होते. त्याच वर्षी कायम झाले होते. आमच्या घराण्यात शिकून पगार आणणारी मी पहिली. बाप गिरणीत, माय विड्या वळायची. दीक्षा घेतली तेव्हा मी चौथीत होते, आणि त्यानंतर बापाचा एकच मंत्र, की पोरगी शाळेत गेली पाहिजे. शिकायला गेले, मग शिकवायला गेले. कायम झाल्याचा कागद आला त्या दिवशी बापानं अख्ख्या वस्तीत जिलेबी वाटली, जसा काही मी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. आणि स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी माझे मालक ऑफिसातून तोंड उतरवून आले. अधिवेशन संपलं की बदल्या निघणार होत्या, आणि सिरोंचाला कुणीतरी पाठवायचं आहे, त्यात त्यांचं नाव घेतलं जातंय, अशी कुजबुज होती. सिरोंचा म्हणजे चांदा जिल्ह्याचं पार खालचं टोक. पावसाळ्यात रस्ता बंद. तिथं जाऊन माझ्या शाळेचं काय? नोकरी सोडायची, दुसरं काय. नवरा जातो तिथं बायको जाते, यात विचारायचं काय असतं?

नवरा स्वभावानं गरीब. पारशिवनीकडच्या खेड्यातला, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला, पण साहेबापुढं उभा राहिला की याचा आवाज पोटात जायचा. रोज सकाळी मला स्कूटरवर शाळेत सोडायचा आणि फाटकाशी थांबून मी आत जाईपर्यंत बघत राहायचा. शेजारणी चिडवायच्या. त्यानं सामन्याच्या आदल्या दिवशी मला समोर बसवलं.

"पाह्य वं," तो म्हणाला, "बदल्या साहेबाच्या हातात हायेत. तू त्याच्या घरचीले हरवलं तर आपलं सिरोंचा पक्कं."

"मले काय समजत नाई? हरते म्हणते ना मी."

"हरजो. पण मुद्दाम हरून राहिली असं दिसू देजो नको. मुंबईचे मोठे साहेब बसून राहणार हायेत, त्यायले खेळ समजते. साहेबाची इज्जत जाईन."

म्हणजे हरायचं, पण झोकात हरायचं. सरकारी खात्यात साधं काम साध्या रीतीनं होतच नाही.

आता पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला मी येडी वाटेन. कॅरममध्ये आपला स्ट्रायकर भोकात पडला की दंड. मिळवलेली एक गोटी परत बोर्डावर ठेवायची आणि तोंड पाडून बसायचं. हे आमच्या रक्तात. बिलियर्ड्समध्ये आपला गोळा दुसऱ्या गोळ्याला लागून पॉकेटात पडला तर दंड नसतो, उलट गुण मिळतात. लाल गोळ्याला लागून पडला तर तीन गुण, आणि पुन्हा आपलीच पाळी. हे जगात सगळ्या बिलियर्ड्स खेळणाऱ्यांना माहीत आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं, कारण मला वाटलं की गोळा भोकात पडणं हे कुठल्या देशात चांगलं असणार?

सामना दुपारी सुरू झाला. अर्ध्या तासाचा खेळ, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. मुंबईचे साहेब मधल्या खुर्चीवर, शेजारी आमचे साहेब, मागे बाकीचे भिंतीला चिकटून. खेळ चालू असताना 'वा' म्हणण्यापलीकडं कुणी तोंड उघडायचं नाही हा त्या खोलीचा कडक नियम. खाकी कोटातला गुण मांडणारा म्हातारा भिंतीजवळच्या लाकडी पाटीशी उभा. पाटीवर दोन पितळी काटे होते. एक पंधरावर, एक शून्यावर. कोणता कुणाचा ते मला तेव्हा माहीत होतं, नंतर माझा गोंधळ झाला, कारण म्हातारा मधे पाटीसमोर येऊन उभा राहिला आणि बाजूला झाला तेव्हा दोन्ही काटे सारखेच दिसत होते.

मी क्यूला निळा खडू लावला. खडू तेवढा ओळखीचा. पहिले दोन फटके मी नुसते चुकवले. बाईसाहेबांना एकेक गुण गेला. तिसऱ्यांदा चुकवलं तेव्हा मुंबईचे साहेब खुर्चीत हलले आणि आमच्या साहेबांकडं पाहून मिशीत हसले. साहेबांचे कान लाल झाले. "मोकळेपणानं खेळा हं," ते म्हणाले. खेळात बोलायचं नाही हा नियम त्यांना लागू नव्हता.

मी घाबरले. असं साधं चुकवणं चालणार नाही, हे ध्यानात आलं. तेव्हा मला माझी आयडिया सुचली. सरळ लाल गोळ्यावर जोरात नेम धरायचा, बघणाऱ्याला वाटावं की बाई जीव तोडून खेळते आहे, आणि आपला गोळा असा वळवायचा की तो मधल्या पॉकेटात पडावा. दंडावर दंड. बिनबोभाट. स्ट्रायकर नेमका कोणत्या कोनात भोकात पडतो हे ज्याला टाळायचं असतं त्यालाच जास्त ठाऊक असतं, आणि मी लहानपणभर तेच टाळत आले होते.

मारला. लाल गोळा टेबल फिरून आला, माझा गोळा अलगद पॉकेटात. म्हातारा म्हणाला, "थ्री." मी मनात म्हटलं, वा, बाईसाहेबांना तीन.

म्हाताऱ्यानं माझा गोळा काढून पुन्हा माझ्याच हातात दिला. मला नवल वाटलं, पण मग वाटलं की इथं चूक केली की परत करायला लावत असतील. खात्यातही तसंच होतं. मी पुन्हा तोच फटका मारला. "सिक्स," म्हातारा म्हणाला. मागं कुणीतरी टाळी वाजवली आणि ती अर्ध्यातच दाबली. मला इतका आनंद झाला! दंड दुप्पट झाला, बाईसाहेबांचा काटा पळायला लागला, शाळा वाचली.

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि त्यानं कपाळाला हात लावला होता. मग डोळे मोठे केले. मग मान हलवली, आडवी. मी समजले की तो म्हणतोय, फार उघड दिसतंय, जरा दमानं घे. म्हणून पुढचा फटका मी जरा हळू आणि आणखी सुबक मारला. तोही पडला. बिचारा. तो बोलू शकत नव्हता आणि मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

मधे मी खरंच चुकले, आणि बाईसाहेबांची पाळी आली. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा खेळ नीट पाहिला. त्या मन लावून खेळत होत्या. चष्मा वर सारून, श्वास रोखून, ओठ घट्ट मिटून. हात चांगला नव्हता, पण जीव ओतलेला होता. त्यांनी लाल गोळा पॉकेटात घातला, पदराची थोडी मदत झाली, ठरावाप्रमाणे ती धरायची नव्हती. लोक 'वा' म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते अगदी लहान पोरीचं होतं. त्या खरंच समजत होत्या की आपण चांगलं खेळतो. पहिल्या वर्षी कुणीतरी त्यांना तसं वाटू दिलं होतं आणि मग सगळ्यांनी मिळून ते खरं करून ठेवलं होतं. मला बरं वाटलं की आज मी त्यांच्यापुढं हरतेय.

मग मी पुन्हा माझा तोच फटका धरला. घंटा वाजली तेव्हा म्हातारा पाटीसमोरून बाजूला झाला आणि म्हणाला, की बाईसाहेब एकवीस, आणि मी चोवीस.

"काहून?" मी मोठ्यानं म्हटलं. विजेतीनं असं विचारलेलं त्या खोलीत पहिल्यांदाच घडलं असावं.

मुंबईचे साहेब उठून माझ्याकडं आले. असा नेमका फटका त्यांनी पुरुषांतही कमी पाहिला होता, म्हणाले. कुठं शिकलात? मी म्हटलं, मैद्यावर. ते हसले, त्यांना वाटलं मी विनोद केला. आमचे साहेबही हसले, पण त्या हसण्याला दात नव्हते. माझा नवरा खिडकीतून बाहेर बघत होता, जणू बाहेर सिरोंचा दिसत होतं.

आणि मग बक्षीस. मुंबईच्या साहेबांच्या हस्ते होतं. दरवर्षीचे पाहुणे कागदासकट कप द्यायचे, फोटो निघायचा, संपलं. हे पडले हौशी. त्यांनी जिलेटिनचा कागद टराटरा फाडला, कप डोळ्यांजवळ धरला आणि त्यावरचं नाव खणखणीत आवाजात वाचलं. विजेत्या सौभाग्यवती, आणि पुढं बाईसाहेबांचं नाव.

बाहेर हिरवळीवर चहाच्या कपांचा आवाज चालू होता तो तेवढा ऐकू आला.

बाईसाहेब क्यू स्टँडमध्ये ठेवत होत्या. त्या वळल्या. त्यांनी कपाकडं पाहिलं, मग साहेबांकडं. "हे नाव कधी कोरलं?" त्यांनी विचारलं. साध्या आवाजात विचारलं. साहेबांनी सेक्रेटरीकडं पाहिलं, सेक्रेटरीनं म्हाताऱ्याकडं, म्हाताऱ्यानं कॅलेंडरच्या उलट्या बाजूकडं. बाईसाहेबांनी पुन्हा विचारलं नाही. त्या बाहेर जाऊन गाडीत बसल्या.

कप शिपायानं गाडीच्या डिकीत ठेवला. मला उपविजेतीचा स्टीलचा डबा मिळाला. डबा चांगला होता, झाकण घट्ट बसायचं.

आठवड्यानं ऑर्डर आली. सिरोंचा.

नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला, तेव्हा "तुले सांगतलं होतं" एवढंच बोलला. मी तडकले. म्हटलं, "मले कोणी सांगतलं का गोळा पडला का गुण भेटते? तुमी दर शनिवारी त्या खोलीत जाऊन राहिले, एक नियम घरी येऊन सांगता आला नाई?" त्यावर तो उठून स्कूटर पुसायला गेला. भांडणात त्याचं हे उठून जाणं मला फार जड जायचं. आणि खरं सांगू, रात्री अंथरुणात मी मनातल्या मनात कितीदा तरी तो शेवटचा फटका परत मारला, चुकवून.

चौथ्या दिवशी मी बाईसाहेबांच्या बंगल्यावर गेले. माफी मागायला नाही, विनंती करायला. मला वाटलं, बाई आहेत, बाईचं ऐकतील. त्या व्हरांड्यात संत्री सोलत बसल्या होत्या. मला बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं की आमची बदली रद्द झाली तर बरं, माझी शाळेतली नोकरी जाईल, आत्ताच कायम झाले आहे.

"ती यादी अधिवेशनाच्या आधीच ठरली होती," त्या म्हणाल्या. "कपासारखीच. तुम्ही हरला असतात तरी हेच होतं."

म्हणजे त्या अर्ध्या तासाला काही अर्थच नव्हता. माझ्या हुशारीला नाही, माझ्या मूर्खपणालाही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, पण आलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि एकदम तुम्हीवरून तूवर आल्या. "रडतेस कशाला? बदली त्याची झाली आहे. तुझी कुठे झाली?"

"मी नवऱ्याला सोडून कशी राहू?"

"तुमच्यात कसली आलीय आडकाठी? तुमच्यात सगळं चालतं." त्यांनी संत्र्याची एक फोड वेगळी केली, तिच्यावरचे पांढरे दोरे काढले. "आमच्यात नाही चालत. मीसुद्धा कॉलेजात शिकवत होते. पहिल्या बदलीला सोडलं."

तुमच्यात. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, विहिरीवर, शाळेत, भाड्याची खोली बघताना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नमस्कारसुद्धा न करता फाटकाबाहेर पडले आणि चालत निघाले. रस्ताभर त्यांना द्यायची उत्तरं जुळवत होते, एकाहून एक तिखट. पण राग जसजसा उतरत गेला तसं त्या शिवीच्या आधीचं वाक्य वर येऊ लागलं. तुझी कुठे झाली? हे मला माझ्या मायनं विचारलं नव्हतं, नवऱ्यानं नाही, मी स्वतः स्वतःला नाही. विचारलं ते या बाईनं, आणि तेही मला टोचायला. तिचे उपकार मानावे की तिला शिव्या द्याव्या हे माझं आजपर्यंत ठरलेलं नाही. दोन्ही करते, आलटून पालटून.

घरी बाप आला होता. ऑर्डरचं कळल्यावर धावत आला होता बिचारा. मी चप्पल काढायच्या आधीच म्हटलं, "बदली ह्यायची झाली. माझी नाई झाली. मी शाळा सोडत नाई."

मला वाटलं, बाप जिलेबी आणेल. वस्तीत भाषणं करायचा ना, की पोरींनी स्वतःच्या पायावर उभं राहावं. तो टोपी काढून हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "असं नको करू वं बाई. लोक का म्हणतीन? नवऱ्यासंग जाय. नोकऱ्या काय, भेटतात."

मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त कशाचं वाईट वाटलं असेल तर याचं. सिरोंचाचंही नाही.

मी बोलणार, तेवढ्यात नवरा बोलला. साहेबापुढं ज्याचा आवाज पोटात जायचा, तो. खाटेवर बसला होता, मान खाली होती, मान वर न करताच म्हणाला, "राहू द्या मामाजी. तिले राहू द्या. मी येत जाईन."

बाप गेला. मग नवऱ्यानं विचारलं, "भात किती पाण्यात शिजते?" मी सांगितलं. त्यानं परत विचारलं, मी परत सांगितलं. मला तेव्हा वाटलं की सोडावी ती शाळा, खड्ड्यात जावो. अगदी जिभेवर आलं होतं.

पण म्हटलं नाही. जानेवारीत तो गेला. सकाळची एस.टी. होती. माझी सातची शाळा, म्हणून मी स्टँडवर जाऊ शकले नाही. त्यानं मला नेहमीसारखं स्कूटरवर फाटकाशी सोडलं, मी आत गेले, आणि पहिल्यांदाच मागं वळून बघितलं नाही. वळले असते तर गेले असते.

पहिला तास सातवीचा, भूगोल. धडा नदीखोऱ्यांचा. मी नकाशा टांगला आणि पट्टीनं दाखवत गेले, वैनगंगा, वर्धा, दोन्ही मिळून प्राणहिता, आणि ती खाली जाऊन गोदावरीला मिळते. पट्टी जिथं थांबली तिथं बारीक अक्षरांत सिरोंचा लिहिलं होतं. समोरच्या बाकावरच्या एका पोरीनं हात वर केला.

"बाई, इतक्या दूर कोणी राहते का जी?"

"हाव," मी म्हटलं. "माझा नवरा राहते."

पोरी हसल्या. शिकवताना बाईनं वस्तीची भाषा बोललेली त्यांनी ऐकली नव्हती, आणि बाईंना नवरा असतो हेही त्यांना नवीन असावं. "अन् तुमी?" तिनं विचारलं.

"मी इथं," मी म्हटलं, आणि नकाशा गुंडाळायला घेतला. तास संपायला अजून खूप वेळ होता. नकाशा एका बाजूनं सुटायचा, मी परत गुंडाळायची, तो परत सुटायचा, आणि पोरी वाट बघत बसल्या होत्या.